शून्य वर्षांचा अनुभव

१

मंगळवारी दुपारी भाचीची गाडी शहरभर उधळली, आणि त्या वेळी भाची बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका वर्गात औषधाचा नवा पंप कसा लावायचा ते शिकत होती. गाडीला काही पाय नसतात, तेव्हा ती कुणीतरी नेली होती. नेणाऱ्याने ती पुन्हा जागेवर आणून लावली, किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि तोंडाला कुलूप घातलं.

हे सगळं मावशीला गुरुवारी सकाळी फोनवर कळलं. भाची इतकी रडत होती की निम्मं मावशीने अंदाजानेच जुळवलं.

मावशी म्हणजे भाचीच्या आईची धाकटी बहीण. या परक्या देशात येऊन तिच्या काळ्याचे पांढरे झाले होते. विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासणं हा तिचा धंदा. पत्र्यावरचा पोचा बघून ती सांगायची की खांब गाडीवर आला की गाडी खांबावर गेली. आपल्या लोकांत तिला पत्रामावशीच म्हणत. ती निवृत्त झाली, तिचं नाव काही निवृत्त झालं नाही.

"रडू नकोस. कंपनी काय म्हणाली ते सांग," मावशी म्हणाली.

"मंगळवारी गाडी वेगाची मर्यादा ओलांडून पळाली म्हणे. चार-पाच ठिकाणी. मी म्हटलं, गाडी घरी होती. तर ते म्हणाले, म्हणजे तुम्ही खोटंही बोलताय. उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा द्या, नाहीतर विमा रद्द. मावशी, एकदा रद्द झाला की दुसरी कुठली कंपनी दारात उभं करणार नाही मला!"

ते खरंच होतं. या देशात लायसन्स नवं म्हणजे माणूसही नवा. आधीच्या देशात तुम्ही जन्मभर गाडी हाकलेली असो, लायसन्सवरची तारीख परवाची असेल तर विमा कंपनीच्या लेखी तुम्ही परवा जन्मलात. अशा तान्ह्या बाळाला रस्त्यावर सोडायचं तर हप्ताही तसाच भरायचा. भाचीला पहिल्यांदा आकडा सांगितला तेव्हा तिला वाटलं, गाडीची किंमत सांगताहेत.

तो जरा तरी कमी व्हावा म्हणून तिने गाडीत पेटी बसवून घेतली होती. साबणाच्या वडीएवढी काळी पेटी. वेग, ब्रेक, वळण, सगळ्याची चहाडी ती थेट कंपनीकडे करते. वर्षभर शहाण्यासारखी गाडी चालवा, हप्ता निम्म्यावर येईल, असा सौदा होता. भाची नर्स होती, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणारी. गाडी गेली की तिची नोकरी जाणार होती, आणि नोकरी गेली की या देशातला मुक्कामही.

"किल्ल्या किती?" मावशीने विचारलं.

"दोन. एक घरी खिळ्यावर. दुसरी टायरवाल्याकडे राहिलीये." भाची जरा थांबली. तिचा आवाज एकदम खाली आला. "मावशी, तू ये. पण फार खोलात जाऊ नकोस."

मावशीने फोन ठेवला आणि चपला शोधायला लागली. चोर शोधून दे पण फार खोलात जाऊ नकोस, असं सांगणारं गिऱ्हाईक तिला आजवर भेटलं नव्हतं.

२

गाडी इमारतीखाली उभी होती. लहानशी, राखाडी, चौथ्या मालकाच्या हातातली. समोर नवीन इमारतीचं काम चालू असल्याने सगळ्याच गाड्यांवर सिमेंटची पूड बसत होती. पंधरवड्यात पावसाचा थेंब नव्हता.

मावशीने आधी लांबून, मग गुडघ्यावर बसून गाडी पाहिली. टायरच्या कडा घासलेल्या नव्हत्या. चाकांच्या वाट्यांवर ब्रेकची काळी भुकटी नव्हती. जोरात पळवलेली गाडी मावशीला दमलेल्या माणसासारखी ओळखू येई. ही गाडी मुळीच दमलेली नव्हती.

मग तिला समोरची काच दिसली. काचेवर दोन कमानी उमटल्या होत्या. बारीक, पांढुरके ओरखडे, जणू कुणी कोरड्या धुळीवरून वायपर फिरवला होता.

"हे कधीचं?" तिने भाचीला विचारलं.

"काल सकाळी दिसलं. म्हटलं, खालच्या मजल्यावरच्या इथल्या आजीने केलं असणार. गाडी पांढऱ्या रेघेला टेकली तरी भांडते ती. पोरांना सांगून ओरखडे काढले असतील."

"आणखी काय दिसलं काल?"

"आतला आरसा खाली वाकलेला. स्क्रू सैल झालाय वाटतं."

"आणि सीट?"

"सीट अगदी जशीच्या तशी. माझी उंची ही एवढी, क्लचपर्यंत जेमतेम पाय पोचतो. बोटभर मागेपुढे झाली असती तरी मला कळलं असतं."

"आणखी काही?"

भाचीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाही. बाकी काही नाही."

पोरगी लहानपणापासून खोटं बोलली की ओढणी गुंडाळायची. मावशीने पाहिलं आणि सोडून दिलं.

तिने विमा कंपनीतल्या साहेबाला फोन लावला. हा साहेब नवखा असताना मावशीकडेच काम शिकला होता. आता तो मोठ्या खुर्चीत होता, पण मावशीचा आवाज ऐकला की खुर्चीतल्या खुर्चीत सरळ बसायचा.

"वेग कळला. ब्रेकचं काय?" मावशी म्हणाली.

"तीच तर गंमत आहे," साहेब म्हणाला. "पेटीचा तो भाग बिघडलाय. ती धक्के मोजते ना, तर धक्का एकही नाही. एवढ्या वेगात अर्धं शहर ओलांडलं, मोठ्या चौकात वळली, आणि ब्रेकचा एक हिसका नाही, वळणाचा एक हेलकावा नाही. रेघ अशी की कुणी पट्टीने काढावी."

"काल आणि आज भाचीने चालवली, तेव्हा धक्के नोंदले गेले?"

पलीकडे संगणकाच्या कळांची टकटक झाली.

"नोंदले गेलेत. भरपूर," साहेब हळूच म्हणाला. "मावशी, मग पेटी बिघडलेली नाही."

जन्मभर तिने गाड्या पाहिल्या होत्या. हिसका न देता अशी उधळणारी गाडी तिने पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती.

३

टायरवाला कोपऱ्यावरच होता. आपल्यातलाच, पण इथे येऊन त्याची हयात गेलेली. देह असा की दुकानात तो उभा राहिला की गिऱ्हाईकाने बाहेर थांबावं. त्याने किल्ली लगेच खिळ्यावरून काढून दिली.

"मी नेली असं वाटतंय तुम्हाला? अहो मावशी, तुमच्या भाचीच्या त्या सीटवर मी बसलो तर मला काढायला पत्रा कापावा लागेल! आणि तो पत्रा तपासायला पुन्हा तुम्हीच याल."

"सीट मागे घेता येते."

"येते की. पण मागे घेतलेली सीट पुन्हा बोटभर फरकाशिवाय लावून दाखवा. पैज."

पैज लावण्यात अर्थ नव्हता, तो बरोबर बोलत होता. जाता जाता मावशीने विचारलं, "नवीन आलेली आपली माणसं गाडी चालवताना काय चुकतात हो?"

टायरवाला पोट हलवत हसला. "सगळं! अहो, आपल्याकडे चाक या बाजूला, इथे त्या बाजूला. दांड्यासुद्धा उलट्या. वळायचं म्हणून इशाऱ्याचा दिवा लावायला जातात आणि भर उन्हात वायपर चालू होतो. मी आलो तेव्हा वर्षभर माझी काच अशीच स्वच्छ असायची. भाचीचं तसं होणार नाही. ती पहिल्यांदा शिकलीच इथे, तिच्या हाताला जुनी सवयच नाही."

मावशी घरी परत आली ती त्या दोन कमानी डोक्यात घेऊनच. गाडी नेणारा आपल्याकडे गाडी चालवलेला होता. त्याच्या हाताला बरीच जुनी सवय होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत तीन माणसं राहत होती. भाची, तिचा नवरा म्हणजे मावशीचे जावईबापू, आणि जावयाचे वडील, आप्पा. जावई बेकरीत पहाटपाळी करायचा. आपल्याकडे त्याने कित्येक वर्षं टेम्पो चालवला होता, इथे अजून लायसन्सची परीक्षा व्हायची होती. आप्पांना येऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. सोयरीक जुळवताना 'मुलाचे वडील सरकारी दवाखान्यात नोकरीला' एवढं मावशीने ऐकलं होतं. बारीक चणीचा, शांत, स्वच्छ दाढी केलेला म्हातारा. कारकून असणार, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"मावशी, खाऊन घे आधी. ऑम्लेट करते," भाची म्हणाली. "ट्रेभर अंडी आहेत, संपवायला हवीत. सोमवारी आणली आणि पुढच्या सीटवरच विसरले, काल आठवलं."

मावशी ऑम्लेट खात होती, जावई भिंतीला टेकून उभा होता. सहा फुटी माणूस, पण चेहरा मास्तरांनी बाकावर उभं केलेल्या पोरासारखा.

"मंगळवारी दुपारी कुठे होतात, जावईबापू?"

"झोपलो होतो. पहाटपाळी करून आलो की मला तोफेनेही जाग येत नाही."

"आणि आप्पा, तुम्ही?"

आप्पा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले. कप अगदी काठोकाठ भरलेला. सतरंजीच्या दुमडीवरून, टेबलाला वळसा घालून त्यांनी तो मावशीपुढे ठेवला. बशी कोरडी होती.

"मी बसमध्ये होतो, विहीणबाई. रोज दुपारी जातो."

"कुठे जाता?"

"बस जाते तिथे."

"आणि उतरता कुठे?"

"चढलो तिथेच."

जावई कसनुसा हसला. "बाबांचा छंद आहे हा. ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाक धरतात आणि सगळे मार्ग फिरून येतात. शहर पाठ करताहेत जणू."

"करायचंय काय पाठ करून," आप्पा म्हणाले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. "मी परत जावं म्हणतो. पुढच्या आठवड्याचं तिकीट बघ माझं."

भाची चमकली. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. आणि तेवढ्यात जावई भिंतीपासून सुटून पुढे आला.

"पुरे झालं, मावशी," तो म्हणाला. "कुणाला काही विचारू नका. गाडी मी नेली होती."

४

खरं तर प्रकरण इथेच संपायला हवं होतं. टेम्पो चालवलेला माणूस, हाताला जुनी सवय, घरात किल्ली. पण कबुली दिल्यावर माणूस हलका होतो, आणि हा तर आणखीच ताठला होता. मावशी त्याला खाली गाडीपाशी घेऊन गेली.

"बसा. मंगळवारी बसलात तसे."

जावई आत शिरायला गेला आणि अडकला. त्याचे गुडघे चाकाला लागले, डोकं छताला. त्याने सवयीने खाली हात घालून सीट मागे ढकलली.

"आता वळायचा इशारा द्या."

त्याने दांडी ओढली. वायपर कोरड्या काचेवरून किंचाळत फिरला, अगदी त्याच कमानीतून. भाचीने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे तूच!" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मला माहीत होतं. कालच कळलं होतं मला. तरी मी कुणाला सांगितलं नाही."

जावई दार ढकलून बाहेर आला. "तुला काय माहीत होतं?"

"गाडी तोंड बाहेर करून लावली होती! मी सरळ नाकासमोर आत घालते आणि सकाळी मागे घेताना रोज घाम फुटतो मला. काल बघते तर गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी, नुसतं बसायचं आणि निघायचं. मला वाटलं, माझ्यासाठी वळवून ठेवलीस. म्हणून गप्प बसले रे मी."

"मी नाही वळवली! मला वाटलं, तूच वर्ग बुडवून गाडी नेलीस. लायसन्स तर तुझ्याकडेच आहे. म्हणून म्हटलं, आपण सांगावं आपणच नेली."

एकाने दुसऱ्याला चोर समजावं आणि दोघांनीही त्या चोराला पाठीशी घालावं, असा संसार मावशीला फार आवडला. पण चोर अजून हाती लागला नव्हता. आणि शुक्रवार तर तोंडावर आला होता.

तिने स्वतःच गाडीत बसून दार लावून घेतलं. मंगळवारी सीट हलली नव्हती, म्हणजे नेणारा भाचीच्याच उंचीचा. मग त्याला आरसा हलवायची गरज काय? मागचा रस्ता तर आहे त्या आरशात दिसत होता. तिने आरसा भाचीने सांगितला होता तसा खाली वाकवला. आरशात रस्ता दिसेना. मागची सीट दिसायला लागली.

त्याला मागच्या सीटवर बघायचं होतं. मागे कुणीतरी होतं, आणि बहुतेक ते बसलेलं नव्हतं, झोपवलेलं होतं.

मावशीचा हात आपोआप शेजारच्या सीटवर गेला. तिथे कापडावर पुठ्ठ्याच्या ट्रेचे गोल ठसे अजून पुसट दिसत होते. आणि तिला मघाचं ऑम्लेट आठवलं.

"अगं," तिने काच खाली करून हाक मारली. "सोमवारी विसरलीस ती अंडी काल काढलीस ना? मग मंगळवारी ती इथेच होती! उघडी, या सीटवर. किती फुटली होती?"

भाचीने आठवून पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"एकही नाही," ती म्हणाली.

५

मावशी बराच वेळ गाडीतून उतरलीच नाही. तिने आयुष्यभर फुटलेलं, वाकलेलं, चेचलेलं पाहिलं होतं, आणि त्यावरून काय झालं ते सांगितलं होतं. न फुटलेल्या वस्तूवरून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आज ट्रेभर अख्खी अंडी तिला सांगत होती की या खुर्चीत कोण बसलं होतं, आणि ते ऐकून तिला देवळात गेल्यासारखं वाटलं.

मागे झोपवलेलं माणूस घरातलं नव्हतं, म्हणजे शेजारचंच असणार. "खालची आजी कधीपासून भांडली नाही?" तिने उतरता उतरता विचारलं.

भाचीने विचार केला. "मंगळवारपासून. काल तर आप्पांना बघून हसली. मला वाटलं, ऊन लागलं असेल."

तिघं वर आली. आप्पा खिडकीशी उभे होते. त्यांच्या पायाशी बॅग होती, निम्मी भरलेली.

"आप्पा," मावशी म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही कसली नोकरी करायचात?"

"म्हणजे?" भाची मध्येच म्हणाली. "अँब्युलन्स चालवायचे ते! तुला माहीत नव्हतं?"

"सोयरिकीच्या वेळी नुसतं 'दवाखान्यात' म्हणाले होते, बाई. आम्ही मुलीकडचे, आम्ही कारकूनच समजलो."

"पण बाबा नाही नेणार!" जावई म्हणाला. "एवढ्या वेगात? अहो, बाबा पायी चालतानासुद्धा गतिरोधक आला की थांबतात. आणि इथली बाजू उलटी, मी चाकाला हात लावणार नाही, असं आल्या दिवसापासून म्हणताहेत ते."

"हो. आणि आल्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसून शहर पाठ करताहेत," मावशी म्हणाली. "गाडी नेहमी निघायच्या तयारीत, तोंड बाहेर करून लावायची, ही सवय कुणाची? आरशात रस्ता न बघता मागे झोपवलेल्या माणसाकडे कोण बघतं? आप्पा, मागे कोण होतं?"

आप्पा हळूच बॅगेशेजारी सतरंजीवर बसले. दोन दिवस धरून ठेवलेला श्वास सोडावा तसे.

"खालच्या आजीची नात," ते म्हणाले.

६

ते बससाठी खाली उतरले होते. आजी अंगणात पोरीला उराशी धरून उभी होती, कानाला फोन. पोरीला मधमाशी चावली होती. ओठ सुजले होते, मान सुजली होती, श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता.

"तो आवाज मला ओळखू येतो, विहीणबाई. तो बंद व्हायच्या आत पोचायचं असतं. आजी फोनवर रडत होती. काय बोलत होती कळलं नाही, पण अँब्युलन्स वेळेत येत नाहीये हे कळायला भाषा कशाला लागते? मी वर आलो, किल्ली काढली. हा झोपला होता. उठवून सांगण्यात वेळ गेला असता."

"आणि अंडी?" मावशीने विचारलं. तिला राहवेना.

आप्पा पहिल्यांदाच हसले. "बसलो आणि ट्रे दिसला. उचलून खाली ठेवणार होतो. मग म्हटलं, राहू दे. आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला शेजारी पाण्याचा पेला ठेवून शिकवायचो आम्ही. मागे पडलेल्या माणसाला हिसका बसला तर श्वास अडकतो. पेला सांडला नाही तर माणूस नीट. इथे अंडी होती. अंडी गप्प होती तोवर पोर ठीक होती."

भाची त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"रस्ता?"

"सात नंबरच्या बसचा. सिग्नल कुठे लांबतो ते पाठ होतं. दवाखान्याच्या दारात पोरीला आत नेलं, सुई दिली. आजीने बाहेर येऊन हाताने खूण केली, ठीक आहे. मी तोंडावर बोट ठेवलं, कुणाला सांगू नका. मग हळूहळू घरी आलो. मला वाटलं, ती पेटी फक्त धडक मोजते." त्यांनी बॅगेकडे पाहिलं. "काल कंपनीचा फोन आला तेव्हा कळलं, मी सुनेची भाकर हिरावली. सांगितलं तर, लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून विमा रद्द. नाही सांगितलं तर ती खोटारडी ठरून रद्द. इकडे आड, तिकडे विहीर. म्हटलं, मी गेलेलाच बरा."

भाची उठली, बॅग उघडली आणि त्यांचे सदरे एकेक करून पुन्हा फडताळात ठेवायला लागली. "तुम्ही कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "खरं तेच सांगायचं. उद्या. सगळ्यांनी मिळून."

७

शुक्रवारी विमा कंपनीच्या काचेच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. आजी आली होती, नातीला घेऊन. पोरीच्या मानेवर अजून लाल डाग होता. आजीने हात नाचवत, टेबल बडवत, पार्किंगसाठी भांडायची त्याच्या दुप्पट जोराने सगळं सांगितलं. साहेबाने दवाखान्याला फोन करून खातरजमा केली.

"नियमात दयेचा रकाना नाही," तो म्हणाला. "जीव वाचवण्यासाठीच्या आणीबाणीचा मात्र आहे. त्यात कधी कुणाचं नाव गेलेलं मी पाहिलं नाही." तो वरच्या साहेबांकडे गेला. बराच वेळ गेला. मावशीने भाचीचा हात धरला, भाचीने ओढणी. परत आला तेव्हा साहेबाच्या हातात काही नव्हतं, पण चेहरा मोकळा होता.

"विमा चालू राहील. मंगळवार धरायचा नाही. पण पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही."

भाची टेबलावर डोकं टेकून रडली. साहेबाने मग पडद्यावरची ती रेघ आप्पांकडे वळवली. अर्धं शहर ओलांडणारी, सरळ, शांत रेघ. खोलीतली सगळी माणसं उठून जवळ आली आणि बघत राहिली. साहेब म्हणाला, "पुन्हा पुन्हा उघडून पाहिली मी ही. घरी बायकोलाही दाखवली."

"आणि मी लायसन्स काढलं तर?" आप्पांनी विचारलं. "माझा विमा किती?"

साहेबाने अवघडून कळा दाबल्या. "या देशातला अनुभव?"

"शून्य," आप्पा म्हणाले.

आकडा आला. जावयाने तो वाचला आणि खुर्ची धरली. मावशी उसळून काही बोलणार होती, पण आप्पा हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"बरोबर आहे, विहीणबाई. साहेबांचं बरोबर आहे. मोठ्या चौकातून वळलो तेव्हा हात सवयीने आपल्याकडच्या बाजूला गेला. समोरून ट्रक आला. या आजी वेळीच ओरडल्या म्हणून हलकेच बाजू बदलून वाचलो. दिवा लावायला जातो तर वायपर! इथे मी नवीनच आहे."

आप्पांनी लायसन्स काढलं नाही. पण सोमवारपासून ते भाचीच्या शेजारी बसायला लागले, मांडीवर अंड्यांचा उघडा ट्रे घेऊन. कंपनीच्या पेटीपेक्षा हा मास्तर कडक निघाला. काही बोलत नसे, ब्रेक लागला की नुसता ट्रेकडे बघे. जी फुटतील त्यांचं त्याच संध्याकाळी ऑम्लेट. पहिले काही आठवडे तिन्हीत्रिकाळ ऑम्लेट झालं, खालच्या आजीकडेही ताटली गेली. मग दिवसाआड झालं. मग कधीतरी.

वर्ष भरलं, कंपनीचा फोन आला, हप्ता निम्म्यावर. मावशी मुद्दाम जेवायला आली. खाली गाडी तोंड बाहेर करून उभी होती, आणि तशी लावताना भाचीला आता घाम फुटत नव्हता.

"ऑम्लेट करतेस ना?" मावशीने पदर खोचत विचारलं.

"आज फुटलेलं अंडं नाही," आप्पा स्वयंपाकघरातून म्हणाले. "या महिन्यात एकही नाही. चहावर भागवा, विहीणबाई."

ते कप घेऊन आले, काठोकाठ भरलेला. सतरंजीच्या दुमडीवरून आले, टेबलाला वळसा घालून आले. मावशी त्या कपाकडे बघत राहिली. मग तिने तो दोन्ही हातांनी घेतला, तरी तिच्याच हातून थोडा बशीत सांडला.